पहिली सुई कोणाला? परळच्या प्रयोगशाळेची सव्वाशे वर्षे

परळला उतरून कोणालाही विचारा, 'हाफकिन' एवढा एक शब्द पुरतो. पूर्ण नाव कोणी घेत नाही. जुन्या परळकरांच्या लेखी हे सापांचे ठिकाण, त्याआधीच्या पिढीच्या लेखी प्लेगच्या लशीचे. स्मरणिका समितीने संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा इमारती, संचालक आणि लशींच्या कुप्यांचे आकडे अशी सरळ वाट समोर होती. त्या वाटेने थोडे चालणारच आहे. पण नोकरीची सगळी वर्षे या आवारात काढल्यावर एका प्रश्नाने मला कधी सोडले नाही. नवी लस तयार झाली की ती आधी कोणाच्या अंगात जायची, आणि त्या माणसाला काय सांगून? या संस्थेच्या इतिहासातली मोठी पाने या प्रश्नाभोवतीच लिहिली गेली आहेत. काही पाने अभिमानाची आहेत, काही वाचताना आजही घशाशी येते. दोन्ही इथे यायला हवीत.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या हडफड्याच्या गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि महापालिकेत तसे सांगितले. आधी अनेकांना ते पटेना. पटले तेव्हा माणसे शहर सोडून पळू लागली होती. सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांना बोलावले. ओडेसात जन्मलेले हे ज्यू जीवशास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ साली ती स्वतःला टोचून घेतली आणि १८९३पासून हिंदुस्थानात हजारो लोकांना टोचली. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, तेही या कामाला नवखे.

तिथे काय चालले होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा काढा लागतो. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले असते तर ही लस या देशात कोणी अंगाला लावून घेतली नसती, म्हणून बोकडाचे मांस आम्लात विरघळवून काढा केला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. हो, घरातले साजूक तूप. तरंगणाऱ्या प्रत्येक थेंबाच्या पोटाखाली जंतूंची वाढ धरायची आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरांसारखे पांढुरके धागे काढ्यात उतरायचे. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसायचे, थेंब मोकळे व्हायचे आणि पुन्हा नवी झुंबरे लोंबायची. असे सुमारे सहा आठवडे. मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि टिकण्यासाठी थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. या सहा आठवड्यांकडे आणि त्या कार्बोलिककडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे एकोणीस माणसांच्या मृत्यूची चौकशी याच दोन गोष्टींभोवती फिरली.

सशांवर खात्री झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. टोचली डॉ. सर्व्हेअर यांनी, साक्षीला कॉलेजचे प्रिन्सिपल होते. पुढे लोकांना जेवढी मात्रा दिली तिच्यापेक्षा ही कितीतरी मोठी, दहा घनसेंटिमीटर होती. ताप चढला, टोचलेल्या जागी ठणका लागला. काही दिवसांत दोन्ही उतरले, आणि मग कॉलेजातले डॉक्टर, विद्यार्थी आणि शहरातली नामवंत मंडळी पुढे आली. आपण ही तारीख मानाने सांगतो आणि सांगावीच. तरी एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवतो. त्या टोचणीने एवढेच सिद्ध झाले की लस घेतलेला माणूस तिच्यामुळे मरत नाही. तो प्लेगपासून वाचतो का, हे सांगायला प्लेगच्या तोंडात उभी असलेली माणसे लागतात, काही लस घेतलेली आणि काही न घेतलेली. अशी माणसे आणायची कुठून? धोका स्वतःच्या अंगावर घेण्याचा मोठेपणा इथवरच पुरतो. यापुढचा प्रत्येक धोका दुसऱ्याचा असतो.

पहिली माणसे मिळाली भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारीच्या अखेरीस तिथे प्लेग शिरला होता. लशीची माहिती दिली गेली, निम्म्याच्या आसपास कैद्यांनी टोचून घेतले, बाकीच्यांनी नाही. पुढच्या दिवसांत न घेतलेल्यांत आजारी आणि मेलेले अधिक निघाले. वर्षभराने उमरखाडीच्या तुरुंगातही तसेच दिसले. कैद्यांनी स्वखुशीने घेतली असे कागद म्हणतात आणि ते खोटे मानायचे कारण नाही. पण ज्याला कोठडीतून बाहेर पडता येत नाही आणि शेजारच्या कोठडीत गाठी उठलेल्या दिसत आहेत, त्याच्या स्वखुशीला वजन किती द्यायचे? आजचे नियम कैद्यांवरच्या चाचण्यांत विशेष संरक्षण मागतात, ते अशा अनुभवांनंतर. तेव्हाच्या शास्त्रज्ञांपुढे मात्र एकाच छताखाली, एकच अन्न खाणाऱ्या, एकाच हवेत राहणाऱ्या दोन गटांची तुलना होती, आणि अशी तुलना शहरातल्या चाळीत मिळण्यासारखी नव्हती.

त्या काळच्या मुंबई इलाख्याचे वातावरणही ध्यानात घ्यायला हवे. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. सोजीर घरात शिरू लागले, बायामाणसांच्या गाठी तपासू लागले, सामान रस्त्यावर येऊ लागले. मार्चच्या १० तारखेला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. २२ जूनला चाफेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी हात घरात येतो म्हणजे अब्रूवर येतो, अशी लोकांची पक्की समजूत झालेल्या त्या दिवसांत सरकारी सुईही संशयाची होती. हाफकिन यांचा आग्रह असा की लस सक्तीने द्यायची नाही, ज्याला पटेल त्याने घ्यावी. आगाखानांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतली आणि त्यांच्या समाजातली माणसे मोठ्या संख्येने पुढे आली. पुढे त्यांनी माझगावचे खुशरू लॉज प्रयोगशाळेला दिले. सरकारनेही एक आमिष ठेवले होते. लस घेतलेल्याला विलगीकरणाच्या जाचातून सूट, आणि तसा दाखला. छावणीत नेऊन टाकण्याच्या भीतीपोटी घेतलेली लस पटून घेतलेली म्हणायची का? माझे मत सांगतो. सोजीर दारात असताना दाखल्यासाठी रांग लावणारा माणूस पूर्ण मोकळा नव्हता, पण गाठ उठून मरण्यापेक्षा ते बरेच बरे होते, आणि हे त्या माणसालाही कळत होते. हुबळीत १८९८ साली गावातल्या बहुतेकांनी लस घेतली ती अशाच परिस्थितीत.

पोर्तुगीज राजवटीतल्या दमणमध्ये १८९७ साली मोठा पुरावा मिळाला. खालच्या दमणच्या वस्तीत २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ दगावले. ६,०३३ जणांनी घेतली नाही, त्यांतले १,४८२ गेले. हे आकडे कितीही वेळा वाचले तरी त्यांचा धक्का कमी होत नाही. तरी टीकाकार म्हणाले की लस घ्यायला पुढे येतात ती खाऊन पिऊन सुखी, स्वच्छ राहणारी माणसे, ती तशीही वाचली असती. शास्त्र म्हणून हा आक्षेप रास्त होता.

त्याला उत्तर द्यायला हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन बडोदे संस्थानातल्या उंढेरा या गावी गेले. फेब्रुवारी १८९८. गावात प्लेग आधीच आला होता. त्यांनी घरोघरची माणसे एकत्र बसवली आणि प्रत्येक कुटुंबाचे शक्यतो सारखे दोन भाग केले. पुरुष, बाया, मुले, धडधाकट, अशक्त, सगळे निम्मे निम्मे. एका भागाला टोचले, दुसऱ्याला तसेच ठेवले. एकच चूल, एकच अंगण, एकच छप्पर. काही आठवड्यांनी परत येऊन हिशेब केला. ज्या घरांत प्लेग शिरला त्यांतले ७१ जण टोचलेले होते. त्यांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेले ६४ होते. त्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले.

या सव्वीस माणसांपाशी मी थांबतो. लस त्याच गावात, त्याच दिवशी, त्याच पेटीत होती. ती त्यांना देता आली असती. दिली नाही, कारण दिली असती तर लस लागू पडते हे निर्विवाद दाखवता आले नसते आणि पुढे लाखोंना ती द्यायला कोणी धजले नसते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. त्यांच्या मागचा विश्वास उंढेऱ्यातल्या त्या निम्म्या माणसांनी मिळवून दिला. त्यांना हे कोणी विचारले होते का? एखाद्या आईच्या एका मुलाला टोचले आणि दुसऱ्याला ठेवले, तिला काय सांगितले असेल? एवढे मला ठाम म्हणायचे आहे की हाफकिन यांची स्वतःची टोचणी आपण संस्थेच्या जन्मकथेत सांगतो, तशीच उंढेऱ्याची ही गोष्ट त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात असायला हवी. पहिलीत धाडस त्यांचे होते. दुसरीत किंमत दुसऱ्यांनी मोजली.

आता इमारतीविषयी थोडे. ग्रँट कॉलेजच्या खोलीतून प्रयोगशाळा मलबार हिलच्या एका बंगल्यात गेली, तिथून खुशरू लॉजला, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात 'प्लेग रिसर्च लॅबोरेटरी' उघडली. मूळचा हा जेझुइट पाद्र्यांचा मठ. इंग्रजांनी घेतल्यावर गव्हर्नर इथे राहत. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी इथेच कॉलऱ्याने वारल्या आणि गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंट गाठला. ज्या वाड्यातून साथीने साहेबांना हुसकले त्याच वाड्यात साथीवरची लस बनू लागली. १९०६ साली नाव झाले 'बॉम्बे बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी' आणि १९२५ साली 'हाफकिन इन्स्टिट्यूट'.

हे शेवटचे नाव देताना सरकारला एक जुने देणे फेडायचे होते. त्याचे मूळ ३० ऑक्टोबर १९०२ या दिवसात आहे.

पंजाबात प्लेग भडकला होता आणि तिथल्या सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागवली होती. तुपाच्या झुंबरांना सहा आठवडे द्यायला वेळ नव्हता. प्रयोगशाळेने पद्धत बदलली. जंतू अगारच्या थरावर वाढवायचे, पाण्यात मिसळायचे आणि उष्णतेने मारायचे. कार्बोलिक वगळले. पाश्चर संस्थेत उष्णतेवरच भिस्त ठेवण्याची चाल होती, तेव्हा बदल हवेतून काढलेला नव्हता. लस लवकर आणि भरपूर होऊ लागली. माणसे रोज मरत असताना 'थांबा, अजून सहा आठवडे' असे म्हणणे सोपे नव्हते, आणि मी त्या खुर्चीत असतो तर म्हणालो असतो असे छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही.

मुल्कोवाल या गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या एकोणीस जणांची लस एकाच बाटलीतली होती. बाटलीचा नंबर ५३-एन. आठवडाभरात त्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला. जबडा बसतो, मान मागे ओढली जाते, नुसत्या आवाजाने अंग कमानीसारखे ताठते. एकोणीसच्या एकोणीस गेले. बाकी अठ्ठ्याऐंशींना काही झाले नाही.

चौकशी आयोगाने ठपका परळवर ठेवला. कार्बोलिक घातले असते तर धनुर्वाताचे जंतू बाटलीत टिकले नसते, बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा त्याचा सूर होता. हाफकिन यांना कामावरून दूर केले. १९०४ साली ते इंग्लंडला गेले. परका देश, ज्यू माणूस, वैद्यकीची पदवी नसलेला संशोधक. अंगाला लागलेला डाग पुसायला ते वर्षानुवर्षे कागद गोळा करत राहिले.

त्या कागदांत एक बारीक तपशील होता. त्या दिवशी बाटल्या उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्याच चिमट्याने ५३-एनचे बूच काढले. चिमटा ज्योतीवर धरायला हवा होता. धनुर्वाताचे बीज मातीत, शेणात असते आणि नुसते बुचकळून मरत नाही. शिवाय बाटली उघडली तेव्हा घाण वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे बाटलीत वाढले असते तर उग्र दुर्गंधी सुटली असती. लिस्टर इन्स्टिट्यूटने हा पुरावा तपासला. जुलै १९०७मध्ये मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांच्या बाजूने पत्र लिहिले. नोव्हेंबरात त्यांच्यावरचा ठपका उठला. पण परळची खुर्ची तोवर दुसऱ्याकडे गेली होती. ते कलकत्त्याला रुजू झाले, १९१४च्या सुमारास निवृत्त झाले आणि १९३०च्या ऑक्टोबरात लोझानला वारले.

आपल्याकडे ही गोष्ट 'अन्याय झाला आणि मग न्याय मिळाला' अशी सांगतात. हाफकिन यांच्यापुरती ती खरी आहे. पण लस बनवण्याच्या कामात आयुष्य काढलेल्या माणसाला ती तेवढ्यावर संपवता येत नाही. बाटली गावात दूषित झाली हे मान्य. तरीही तिच्यात कार्बोलिक असते तर पडलेल्या चिमट्याला एक आडवा हात मिळाला असता. लस कारखान्यात निर्दोष असणे पुरेसे नसते. ती धुळीच्या गावात, घाईत, दमलेल्या माणसाच्या हातूनही निभावली पाहिजे. चूक होणारच हे धरून औषध बनवायचे असते. परळच्या प्रयोगशाळेने पुढे कार्बोलिक पुन्हा घालायला सुरुवात केली आणि ती जुन्या, सावकाश पद्धतीकडे परतली. एकोणीस माणसे, ज्यांची नावे आपल्या इतिहासात कुठे येत नाहीत, त्यांनी ही शिकवण दिली. आमच्याकडे बॅचची प्रत्येक नोंद दोन सह्यांनी होते, निर्जंतुकतेची चाचणी पुरी झाल्याशिवाय पेटी हलत नाही, मग वरून फोन येवोत की खालून. नवी मुले कुरकुरत तेव्हा मी त्यांना ५३-एन हा नंबर सांगत असे.

मधली वर्षे भराभर सांगतो. गावात उंदीर पडला की घरे सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे शहाणपण लोकांकडे आधीपासून होते. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा उंदराच्या अंगावरची पिसू आहे हे ग्लेन लिस्टन आणि प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी परळच्या प्रयोगशाळेतून पक्के केले. प्लेग असलेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा त्यांनी मोजल्या. १९३२ साली साहिब सिंग सोखे संचालक झाले, पहिले भारतीय. त्यांचा ध्यास एकच, औषध देशात आणि गरिबाला परवडेल अशा भावात बनले पाहिजे. सल्फाची औषधे, सर्पदंशावरचे प्रतिविष, लशी, सगळ्यांत तो दिसतो. १९७५ साली संशोधन आणि उत्पादन वेगळे झाले आणि 'हाफकिन बायो-फार्मास्युटिकल कॉर्पोरेशन' उभे राहिले. तोंडाने द्यायचे पोलिओचे थेंब तिथून देशभर गेले.

परवडणारे औषध, या ध्यासालाही एक बोचरी बाजू आहे, आणि ती मी लहानपणी पोटावर घेतली आहे. आमच्या कोकणातल्या गावी पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने. मला चावला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आई रोज पहाटेच्या एस.टी.ने तालुक्याला न्यायची. बेंबीभोवती आज इकडे, उद्या तिकडे. चौथ्या दिवशी पोट टम्म सुजले. वॉर्डातल्या ताई म्हणाल्या, "बाळा, रड, पण हलू नको." आईने चौदाही दिवस एक शब्द काढला नाही. तिला ठाऊक होते की पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा अंगी लागला की माणूस परत येत नाही.

ती लस मेंढीच्या मेंदूपासून होत असे. मेंदूत विषाणू वाढवायचा, मेंदू वाटायचा आणि कार्बोलिकने विषाणू मारायचा. सर डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत ती रीत बसवली. परळलाही वर्षानुवर्षे अशी लस बनली आणि असंख्य माणसे तिने वाचवली. पण मेंदूच्या ऊतीबरोबर माणसाच्या अंगात असे काही जायचे की काही हजारांत एखाद्याच्या शरीराचे स्वतःच्याच मज्जासंस्थेशी भांडण सुरू होई, पाय लुळे पडत, क्वचित जीवही जाई. रेबीज झाला तर मरण अटळ, लस घेतली तर फार थोड्यांना लकवा. हा व्यवहार त्या काळी न्याय्य होता, आणि माझ्या आईने तो डोळे उघडे ठेवून केला.

अडचण नंतर सुरू झाली. पेशींवर वाढवलेल्या, सुरक्षित, चार-पाच टोचण्यांच्या लशी जगात १९७०च्या दशकाअखेर आल्या. त्या महाग होत्या. खिशात पैसे असणारा माणूस खासगी दवाखान्यात त्या घेऊ लागला. सरकारी दवाखान्याच्या रांगेतल्याच्या पोटात मात्र मेंढीच्या मेंदूची लस जात राहिली. देशात तिचे उत्पादन २००४ अखेर थांबले. जुन्या लशीची बाजू घेणारे म्हणायचे, ती बंद केली तर गरिबाला काहीच मिळणार नाही. सुरुवातीला हे खरे होते. पण जेवढी वर्षे ते म्हटले गेले तेवढी वर्षे खरे नव्हते. नवे निर्माण झाल्यावरही जुन्याचा धोका फक्त गरिबावर राहतो, तेव्हा तो शास्त्राचा व्यवहार उरत नाही, पैशाचा होतो. संस्थेचा इतिहास लिहिताना हे लिहिणे मला जड जाते, पण सोखे साहेबांच्या ध्यासाशी प्रामाणिक राहायचे तर लिहायलाच हवे.

सर्पविषावरच्या औषधाचा हिशेब आणखी निराळा आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांचे विष थोडे थोडे वाढवत घोड्याला टोचायचे. घोडा त्याविरुद्ध शक्ती तयार करतो. त्याचे रक्त काढून त्यातून औषध करायचे. विष काढताना सर्पशाळेतला माणूस काचेच्या प्याल्यावर ताणलेल्या पडद्यात दात रुतवायला सापाचे डोके धरतो, तेव्हा खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही. घोड्याच्या रक्तातले प्रथिन काही रोग्यांना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, धाप लागते, कधी रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणून प्रतिविष देताना अॅड्रिनलिन भरून हाताशी ठेवायचे असते. देशात दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे सर्पदंशाने मरतात असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यातले, शेतात राबणाऱ्यांचे. घोड्याची पीडा, रोग्याचा धोका आणि हे मरण, तिघांची तुलना रोज करावी लागते, आणि उत्तर अजून घोड्याकडेच जाते.

शेवटी महाडची गोष्ट. कोकणातला लाल विंचू चावला की घाम, उलट्या, थंडगार पडणारे हातपाय आणि मग फुप्फुसात पाणी, अशा रीतीने मुले डोळ्यांदेखत जात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडी-महाडकडे प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली आणि मृत्यू खूप घटले. पुढे लाल विंचवावरचे प्रतिविष परळहून मिळू लागले. गोळी पुरते, की गोळीबरोबर प्रतिविषही दिल्याने रोगी लवकर बरा होतो, हा प्रश्न उरला. बावस्कर पतिपत्नींनी महाडला ७० रोग्यांची चाचणी घेतली. चिठ्ठी पडेल तसे दोन गट झाले, दोन्ही पस्तीसचे. १०व्या तासाला प्रतिविष आणि गोळी दोन्ही मिळालेल्यांत ९१ टक्क्यांहून अधिक जण बरे झाले होते, नुसत्या गोळीवाल्यांत २३ टक्क्यांच्या आसपास. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आले.

उंढेऱ्यात न टोचलेल्या निम्म्यांना काहीच मिळाले नव्हते. महाडला दोन्ही पस्तिसांना गोळी मिळाली.